वाचकांचे प्रश्न : सेंट थॉमस बेटावरील स्थलदर्शन आणि खरेदी

कॅरिबियन समुद्रातील जलपर्यटनाविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच बेटाबद्दल आहेत, म्हणून हा संपूर्ण स्तंभ सेंट थॉमसला दिला आहे. हे बेट अमेरिकेच्या अखत्यारीतील व्हर्जिन आयलंड्सपैकी एक असून शार्लट अमाली हे तेथील राजधानीचे शहर आहे. १९१७ पर्यंत ही बेटे डेन्मार्कची होती. अमेरिकेने ती अडीच कोटी डॉलर मोजून विकत घेतली आणि ३१ मार्च १९१७ रोजी त्यांचे हस्तांतर झाले. मोठ्या क्रूझ जहाजांच्या वाटेवरचे हे नेहमीचे बंदर असल्यामुळे येथे येणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. पत्रांतील बहुतेक अडचणी त्या एका दिवसातूनच निर्माण झाल्या आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून सध्या मुलाकडे अमेरिकेत आहोत. जानेवारीत फ्लोरिडाहून निघणाऱ्या क्रूझने आम्ही जाणार आहोत. जहाज सेंट थॉमसला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबेल. जहाज कंपनीने ‘बेटदर्शन आणि खरेदी’ अशी साडेतीन तासांची सहल देऊ केली आहे. धक्क्यावर टॅक्सीवाल्यांकडून तशीच सहल कमी पैशांत मिळते, असे मुलाचे मित्र सांगतात. कोणती घ्यावी?

उत्तर : दोन्ही सहलींचा मार्ग बहुधा एकच असतो, हे आधी लक्षात घ्यावे. जहाज हेवनसाइट किंवा क्राउन बे या दोन धक्क्यांपैकी एकाला लागते. तेथून गाडी शहराच्या पाठीमागच्या डोंगरावर स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्याने चढते, बंदराचे दृश्य दाखवण्यासाठी एक-दोन ठिकाणी थांबते, ड्रेक्स सीट किंवा माउंटन टॉपसारख्या जागेवरून मेगन्स बेची अर्धवर्तुळाकार किनारपट्टी वरून दाखवते आणि शेवटी प्रवाशांना शार्लट अमालीच्या बाजारपेठेत उतरवते. सोळाव्या शतकातील इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक ड्रेक्स सीटवर बसून जहाजांवर नजर ठेवत असे, ही केवळ आख्यायिका आहे. वाटाड्या ती फार खात्रीने सांगतो, एवढेच. वाहन म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बाकांच्या रांगा आणि वर छप्पर असलेली, दोन्ही बाजूंनी उघडी ‘सफारी’ असते. जहाजाची सहल घेतली, तरी अनेकदा अशाच सफारीत बसावे लागते.

फरक तीन गोष्टींत पडतो. पहिला फरक पैशांचा. बेटावरील टॅक्सींना मीटर नसतो. ठरावीक ठिकाणांचे आणि बेटदर्शनाचे दर सरकारी टॅक्सीकॅब कमिशन माणशी ठरवून देते. एकटा प्रवासी असल्यास दर वेगळा आणि दोन किंवा अधिक असल्यास प्रत्येकी वेगळा, अशी ती पद्धत आहे. दर गाडीमागे नसून माणसामागे आहे, हे न समजल्यामुळे उतरताना वाद होतात, म्हणून बसण्यापूर्वीच दोघांचे मिळून एकूण किती, हे विचारून घ्यावे. चालकाकडे छापील दरपत्रक असणे अपेक्षित आहे आणि ते मागण्यात काहीही गैर नाही. जहाजाच्या सहलीत याच प्रवासावर कंपनीचा नफा चढलेला असतो.

दुसरा फरक वेळेचा. जहाज कंपनीने विकलेली सहल उशिरा परतली, तर जहाज त्या प्रवाशांसाठी थांबते किंवा त्यांची पुढची व्यवस्था करते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. मोठ्या बेटावर ही बाब निर्णायक ठरली असती. सेंट थॉमस मात्र लहान बेट आहे आणि आपली सहल सकाळी असेल, तर परतण्यास दुपार मोकळी राहते. भीती अंतराची नसून कोंडीची आहे : एकाच दिवशी तीन-चार जहाजे बंदरात असली, की किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. हेवनसाइटहून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे आणि अशा वेळी चालत गेलेला माणूस कधी कधी आधी पोहोचतो.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या सहलीच्या नावातच ‘खरेदी’ आहे, तिच्यात साडेतीन तासांपैकी किती वेळ दुकानांत जाणार आणि कोणत्या दुकानांत, हे नोंदणीपूर्वी विचारावे. काही सहलींत वाटाड्या आपल्याला बाजारपेठेत सोडून मोकळा होतो. काहींत ठरलेल्या दोन-तीन दुकानांत नेऊन तेथे माहितीपर भाषण, थंड पेय आणि मग काउंटर, असा क्रम असतो. पहिल्या प्रकारात आपला वेळ आपल्या हातात राहतो. दुसऱ्या प्रकारात आपण पैसे देऊन जाहिरात ऐकतो. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर ती दुसऱ्या प्रकारची सहल आहे, असे खुशाल समजावे.

माझा सल्ला असा, की धक्क्यावरील टॅक्सीने फक्त बेटदर्शनाची, साधारण दोन-अडीच तासांची सहल घ्यावी, चालकाला शेवटी बाजारपेठेत सोडण्यास सांगावे आणि खरेदी दोघांनी आपल्या पायांनी, आपल्या वेगाने करावी. सफारी भरल्याशिवाय चालक निघत नाहीत, त्यामुळे जहाजातून लवकर उतरल्यास गाडीत बसून वाट पाहण्याची तयारी ठेवावी. परतीसाठी पाचची वेळ न धरता जहाजावर चढण्याची जी शेवटची वेळ जाहीर होते, ती धरावी. ती जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते.

आपण जानेवारीत जात आहात, म्हणून घड्याळाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. व्हर्जिन आयलंड्समध्ये घड्याळे ऋतूनुसार पुढे-मागे केली जात नाहीत. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याची आणि बेटाची वेळ सारखीच असते, परंतु हिवाळ्यात बेट एक तास पुढे असते. जहाज कधी स्वतःची वेळ बदलते, कधी निघालेल्या बंदराचीच ठेवते. मोबाइल मात्र किनाऱ्याचे नेटवर्क मिळताच आपोआप बेटाची वेळ दाखवू लागतो. म्हणून त्या दिवशी हातातील साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून तेच प्रमाण मानावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला दागिन्यांची दुकाने पाहायची आहेत आणि मला इतिहासाची आवड आहे. एका दिवसात दोन्ही कसे जमवावे? शहरात पाहण्यासारखे काही आहे, की ती फक्त बाजारपेठच आहे?

उत्तर : आपल्या घरातील हा वाद शार्लट अमालीमध्ये आपोआप मिटण्यासारखा आहे, कारण त्या शहरात दुकाने आणि इतिहास एकाच भिंतींमध्ये आहेत. मुख्य रस्त्याचे नाव आजही ड्रॉनिंगेन्स गाडे असे डॅनिशच आहे, जरी सगळे त्याला मेन स्ट्रीट म्हणतात. या रस्त्यापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या लांबट, जाड भिंतींच्या, कमानींच्या इमारती म्हणजे डॅनिश काळातील व्यापाऱ्यांची गोदामे आहेत. साखर, रम, काकवी आणि युरोपातून आलेला माल येथे उतरत असे आणि पुढच्या जहाजांत चढत असे. सेंट थॉमस हे खुले बंदर होते. युरोपातील सत्ता आपसांत लढत असताना तटस्थ डेन्मार्कच्या या बंदरात सर्व झेंड्यांची जहाजे व्यापार करत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस शहराला वारंवार मोठ्या आगी लागल्या, म्हणून दगड, विटा आणि लोखंडी झडपांची ही भक्कम बांधणी आली, जी वादळांतही उपयोगी पडली. आपल्या पत्नी ज्या दुकानात अंगठी पाहत असतील, त्याच दुकानाचे छत, कमान आणि दाराच्या जाड बिजागऱ्या आपण पाहाव्यात. रॉयल डेन मॉल, पाम पॅसेज अशा नावांच्या ज्या गल्ल्या मेन स्ट्रीटला किनाऱ्याशी जोडतात, त्यांत हे विशेष दिसते.

मेन स्ट्रीटवरच चौदा क्रमांकाच्या इमारतीत चित्रकार कामी पिसारो यांच्या कुटुंबाचे घर व दुकान होते. पुढे फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांत अग्रगण्य ठरलेल्या पिसारो यांचा जन्म १० जुलै १८३० रोजी याच शहरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते बालपणीच फ्रान्सला गेले, परत येऊन वडिलांच्या व्यवसायात काही वर्षे घालवली आणि १८५२ मध्ये डॅनिश चित्रकार फ्रिट्झ मेल्बी यांच्यासोबत व्हेनेझुएलाला निघून गेले. बंदरावर मालाची मोजदाद करताना कागदाच्या कडेला ते रेखाटने करत, असे सांगतात. तेथून थोडे वर चढून गेले, की क्रिस्टल गाडे या रस्त्यावर १८३३ मध्ये बांधलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, आहे. अमेरिकेच्या झेंड्याखाली अखंड वापरात असलेली ही सर्वांत जुनी सिनेगॉग वास्तू मानली जाते. आतल्या जमिनीवर वाळू पसरलेली आहे. स्पेन व पोर्तुगालमध्ये धर्मछळाच्या काळात गुप्तपणे प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून पूर्वज वाळू पसरत, त्याची ही आठवण आहे, अशी तेथील परंपरा सांगते. सहलींच्या गाड्या येथे सहसा थांबत नाहीत. शनिवार हा प्रार्थनेचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी आत जाता येईल, असे गृहीत धरू नये.

किनाऱ्याच्या बाजूला लाल विटांचा फोर्ट ख्रिश्चन आहे. १६७२ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि व्हर्जिन आयलंड्समधील उभ्या वास्तूंत तो सर्वांत जुना आहे. १९८३ पर्यंत तेथे तुरुंग होता, आता संग्रहालय आहे. समोर इमॅन्सिपेशन गार्डन आहे. गुलामगिरीतून मुक्तीची घोषणा ३ जुलै १८४८ रोजी प्रत्यक्षात शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर फ्रेडरिकस्टेड येथे झाली. हजारो गुलाम तेथील किल्ल्यासमोर जमल्यानंतर गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेन यांना ती करावी लागली. या बागेत शंख फुंकणाऱ्या मुक्त गुलामाचा पुतळा आहे. मेन स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला रॉथचाइल्ड फ्रान्सिस मार्केट स्क्वेअर आहे, जेथे आज भाजी-फळे विकतात. कधीकाळी तेथे माणसे विकली जात. दागिन्यांच्या दुकानांतून निघालेला प्रवासी सहसा तेथपर्यंत जात नाही, कारण सहलीच्या नकाशावर ते टोक फिकट रंगवलेले असते. आपण जावे. ज्या गोदामांचे सौंदर्य आपण पाहिले, त्यांतील साखर कोणाच्या श्रमाची होती, हे त्या चौकात उभे राहिल्याशिवाय पुरते कळत नाही.

डोंगराच्या बाजूला ‘नव्व्याण्णव पायऱ्या’ नावाचा जुना जिना आहे. डेन्मार्कहून येणारी जहाजे समुद्रात स्थिर राहावीत म्हणून तळाशी ज्या विटा भरून आणत, त्यांच्या या पायऱ्या आहेत. मोजल्यास त्या १०३ भरतात. वर ‘ब्लॅकबियर्डचा किल्ला’ म्हणून दाखवला जाणारा बुरूज डॅनिश लोकांनी १६७९ मध्ये टेहळणीसाठी बांधला. त्याचे खरे नाव स्कित्सबोर्ग असून ब्लॅकबियर्ड चाच्याचा त्याच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. चाच्याचे नाव लावले, की तिकीट विकले जाते, हे मात्र सिद्ध झालेले आहे.

क्रमाविषयी एक सूचना. उन्हे चढण्यापूर्वी पायऱ्या, सिनेगॉग आणि किल्ला पाहून घ्यावा आणि दुकाने दुपारसाठी ठेवावीत. दुकानांत वातानुकूलन असते, पायऱ्यांवर नसते. रविवारी जहाज बंदरात नसेल, तर बाजारपेठेचा मोठा भाग बंद असतो.

प्रश्न : जहाजावर ‘बंदरातील खरेदी’ या विषयावर व्याख्यान झाले. त्यात हिरे, टांझानाइट आणि लारिमार ही रत्ने येथे फार स्वस्त मिळतात, असे सांगून शिफारस केलेल्या दुकानांचा नकाशा आणि फुकट ब्रेसलेटची कुपने दिली. या शिफारशीवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : ते व्याख्यान म्हणजे जाहिरात आहे, एवढे समजून ऐकले तर त्यातून उपयोगी माहितीही मिळते. नकाशावर ज्यांचे नाव छापले आहे, त्या दुकानांनी त्यासाठी पैसे दिलेले असतात. ती वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. नकाशावर नसलेली वाईट आहेत, असा तर मुळीच नाही. शिफारस केलेल्या दुकानातून घेतलेल्या मालावर जी हमी मिळते, तिची मुदत आणि अटी छापील स्वरूपात वाचून घ्याव्यात. वस्तू पसंत न पडल्यास परत घेण्याची तरतूद अशा हम्यांत सहसा नसते. फुकटचे ब्रेसलेट घेण्यास हरकत नाही, फक्त त्यात अडकवायचे एकेक पदक एकेका दुकानात मिळते आणि अशा रीतीने आपली दुपार कोणीतरी आखून ठेवलेली असते.

व्हर्जिन आयलंड्समध्ये विक्रीकर नाही आणि आयात मालावरील करांत सवलत आहे, म्हणून काही वस्तू अमेरिकेच्या मुख्य भूमीपेक्षा खरोखर स्वस्त पडतात. मद्याच्या बाबतीत हा फरक सहज दिसतो. घड्याळे आणि अत्तरे यांची किंमत मात्र निघण्यापूर्वी घरी पाहून लिहून न्यावी. बाजारात उभे राहून ‘मूळ किंमत’ आणि ‘आजची किंमत’ यांतील अंतर मोजण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही आकडे विक्रेत्यानेच लिहिलेले असतात.

रत्नांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. टांझानाइट कॅरिबियनमध्ये मिळत नाही; ते फक्त टांझानियातील मेरेलानी टेकड्यांत सापडते, म्हणून ‘खाणीजवळची किंमत’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. शिवाय हे रत्न तुलनेने मऊ आहे. रोज वापरायच्या अंगठीपेक्षा कानातल्यांत किंवा पदकात ते अधिक टिकते. लारिमार मात्र याच प्रदेशाचे आहे : फिकट निळ्या रंगाचा हा दगड डोमिनिकन रिपब्लिकमध्येच सापडतो. तोही मऊ असून त्याच्या रंगाची नक्कल करणे सोपे आहे. हिरा घेणार असाल, तर दुकानाने स्वतः दिलेल्या मूल्यांकनाच्या कागदाला फारसे महत्त्व देऊ नये. ज्याला विकायचे आहे, त्यानेच ठरवलेली ती किंमत असते. जीआयएसारख्या रत्ने तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल असल्यास त्याचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो आणि पुष्कळदा तो हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेलाही असतो. दुकानातील भिंगातून तो दाखवण्यास सांगावे.

सोन्याबाबत आपल्याकडच्या ग्राहकांची हमखास फसगत होते, ती कोणी फसवल्यामुळे नव्हे, तर सवयीमुळे. येथे दागिने प्रामुख्याने १४ कॅरटचे असतात, म्हणजे त्यांत सोने साधारण ५८.५ टक्के असते आणि ‘५८५’ असा शिक्का असतो. १८ कॅरटवर ‘७५०’ असतो. बावीस कॅरटच्या भावाशी तुलना करताना हे विसरले, की दागिना अकारण स्वस्त वाटतो.

मेन स्ट्रीटवरील अनेक दुकाने भारतीय, विशेषतः सिंधी, व्यापाऱ्यांची आहेत आणि हा समाज तेथे काही पिढ्यांपासून स्थिरावलेला आहे. आत शिरताच हिंदीत स्वागत झाल्यास आनंद वाटणे स्वाभाविक आहे. त्या आनंदात भाव करायचे विसरू नये. रत्नांच्या दुकानांत घासाघीस अपेक्षितच असते आणि पहिला आकडा तसाच धरून सांगितलेला असतो. मोठी खरेदी क्रेडिट कार्डाने करावी, पावतीवर कॅरट, वजन आणि रत्नाचे वर्णन लिहून घ्यावे. ‘जहाज सुटायला दोनच तास आहेत’ हे वाक्य विक्रेत्याने उच्चारले, तर दुकानातून बाहेर पडावे, असा माझा साधा नियम आहे.

बेटाची खरी ओळख असलेली वस्तू हवी असेल, तर ती सहसा महाग नसते. सेंट क्रॉयची परंपरा असलेले, आकड्याने बंद होणारे साधे चांदीचे कडे, स्थानिक कारागिरांच्या वस्तू, तिखट सॉस किंवा बे रम नावाचे सुगंधी द्रव्य, यांपैकी काहीही घ्यावे. बे रम हे याच बेटांवरील एका झाडाच्या पानांच्या तेलापासून बनते आणि एकोणिसाव्या शतकात ते येथून दूरवर निर्यात होत असे. नाव रम असले, तरी ते दाढीनंतर लावायचे असते. किल्ल्याजवळच्या व्हेंडर्स प्लाझामध्ये छत्र्यांखाली स्वस्त कपडे आणि भेटवस्तू मिळतात, मात्र त्यांतील पुष्कळ माल बाहेरून आलेला असतो.

प्रश्न : सोबत गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत. त्यांना ही सहल झेपेल का?

उत्तर : बेटदर्शन झेपेल, सफारीत चढणे कदाचित झेपणार नाही. तिच्या पायऱ्या उंच असतात आणि प्रत्येक थांब्यावर चढ-उतार करावी लागते. धक्क्यावरील व्यवस्थापकाला सांगून बंद, वातानुकूलित व्हॅन मागावी आणि सासूबाईंना पुढच्या आसनावर बसवावे. व्हर्जिन आयलंड्समध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पण गाड्या अमेरिकी बनावटीच्या असल्यामुळे चालकही डावीकडेच, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसतो. डोंगरावरील वळणांवर पहिल्यांदा बसणाऱ्याला यामुळे धडधडते, हे त्यांना आधी सांगून ठेवावे. शहरातील पदपथ अरुंद आणि उंचसखल आहेत. त्यांनी किल्ल्यासमोरच्या बागेत सावलीत बसावे आणि इतरांनी पाळीपाळीने फिरून यावे, हे उत्तम. पायऱ्यांचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : बेटावरून काय आणता येते आणि काय नाही? १,६०० डॉलरपर्यंत सूट आहे, असे दुकानदार सांगतात.

उत्तर : दुकानदार खरे सांगतात, पण अर्धे. व्हर्जिन आयलंड्स अमेरिकेच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर आहेत, म्हणून तेथून मुख्य भूमीवर येताना सीमाशुल्क तपासणी होते. १,६०० डॉलरची सूट अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८०० डॉलरचा माल इतर देशांतील बेटांवर घेतलेला चालतो. एकवीस वर्षांवरील रहिवाशाला पाच लिटर मद्यही आणता येते, मात्र त्यांपैकी किमान एक लिटर बेटांवरच तयार झालेले असावे लागते. सेंट क्रॉयची रम यात बसते. मुलांकडे पर्यटक म्हणून आलेल्या आई-वडिलांनी ही सूट आपल्यालाही आहे, असे समजू नये. पर्यटकांसाठीचे नियम वेगळे आणि बरेच तुटपुंजे आहेत. तोच दागिना पुढे भारतात नेताना भारताचे सामानविषयक नियम स्वतंत्रपणे लागू होतात. पावत्या जपून ठेवाव्यात आणि विचारल्यास खरी किंमत सांगावी.

कासवाच्या पाठीपासून केलेली कोणतीही वस्तू घेऊ नये. ती जप्त होतेच, शिवाय दंडही होऊ शकतो. काळे पोवळे आणि मोठे गुलाबी शंख यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. किनाऱ्यावरची पोवळी उचलून आणणे तर सर्वथा टाळावे. क्यूबाचे सिगार दुसऱ्या एखाद्या बेटावर खुलेआम विकत मिळतील, परंतु सप्टेंबर २०२० पासून ते वैयक्तिक वापरासाठीही अमेरिकेत आणता येत नाहीत. फळे आणि रोपे यांच्यावरही कृषी तपासणी असते.

प्रश्न : बेट अमेरिकेचेच आहे, तर व्हिसाची चिंता कशाला? माझ्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाची मुदत संपली आहे, पण नोकरीची परवानगी चालू आहे.

उत्तर : आपण क्रूझने जाऊ नये. सेंट थॉमस स्वतः अमेरिकेचे असले, तरी क्रूझ वाटेत बहामा, सेंट मार्टिन यांसारख्या परदेशी बंदरांना लागते आणि परतताना आपण अमेरिकेत नव्याने प्रवेश करता. मुदत संपलेल्या व्हिसावर थोड्या दिवसांच्या प्रवासानंतर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी धारकांना कॅनडा आणि मेक्सिको यांच्यापुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (विनिमय कार्यक्रम) व्हिसाच्या धारकांना मिळते. मुख्य भूमीवरून थेट विमानाने सेंट थॉमसला जाऊन थेट परत येणे ही वेगळी बाब आहे, कारण त्यात आपण देशाबाहेर पडत नाही. तरीही परतताना विमानतळावर अधिकारी कागदपत्रे पाहतात, म्हणून पासपोर्ट आणि परवानगीची मूळ प्रत सोबत हवीच. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना क्रूझला नेणार असाल, तर त्यांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : वाटाड्याशी आणि दुकानदारांशी वागण्याच्या काही पद्धती आहेत का? बरोबर काय न्यावे?

उत्तर : एक पद्धत कटाक्षाने पाळावी. बेटावर कोणालाही काहीही विचारण्यापूर्वी वेळेनुसार ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणतात. संध्याकाळनंतर भेटतानाही ‘गुड नाइट’ म्हणतात. दुकानात शिरून थेट किंमत विचारणारा माणूस तेथे उद्धट समजला जातो आणि त्याला तसेच उत्तर मिळते. टॅक्सीत बसतानाही आधी अभिवादन आणि मग दर. वाटाड्याला बक्षिसी देण्याची अमेरिकी पद्धत येथेही आहे. तो एखाद्या दुकानाची शिफारस करत असेल, तर त्याला बहुधा तेथून काही मिळते. त्याबद्दल राग न धरता त्याला स्वतःला जेवायला कोठे आवडते, हे विचारावे, त्याचे उत्तर अधिक उपयोगी असते. शाकाहारी मंडळींना तळलेली केळी आणि जॉनीकेक नावाची तळलेली पोळी सहज मिळेल. पाते नावाच्या करंजीसारख्या पदार्थात बहुधा मासे किंवा मांस असते, तेव्हा विचारून घ्यावे. समुद्रस्नानाचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवावेत, बाजारपेठेत ते अनादराचे मानतात.

मेगन्स बेला उतरणार असाल, तर प्रवेशशुल्कासाठी थोडी रोकड जवळ ठेवावी. हा किनारा आर्थर फेअरचाइल्ड यांनी १९४६ मध्ये बेटवासीयांना दान दिला, म्हणून तो हॉटेलांच्या रांगांपासून वाचला आहे. उन्हापासून संरक्षणासाठी लावायचे मलम घरून नेण्यापूर्वी त्याच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी : ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रिलीन यांपैकी काहीही असलेली मलमे प्रवाळांना घातक ठरतात, म्हणून मार्च २०२० पासून व्हर्जिन आयलंड्समध्ये त्यांची विक्री, आयात आणि वापर यांवर बंदी आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली मलमे चालतात. ती त्वचेवर पांढरी दिसतात आणि छायाचित्रांतही तशीच येतात.